कागद, पत्रा आणि शिसं



ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांनी पदार्थविज्ञान शिकवण्यात आयुष्य घातलं. म्हणून आजचा विषयही मी फळ्यावरूनच उचलला आहे. शाळेत विज्ञान शिकलेल्या प्रत्येकाने वहीत एक आकृती काढलेली असते. डावीकडे किरणोत्सारी पदार्थाचा तुकडा. त्यातून निघालेले तीन बाण. पहिला बाण कागदापाशी अडतो, त्याचं नाव अल्फा. दुसरा कागदातून पुढे जातो आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्यापाशी अडतो, तो बीटा. तिसरा कागद आणि पत्रा दोन्ही ओलांडून शिशाच्या जाड ठोकळ्यापाशी अडतो, तो गॅमा. परीक्षेत हमखास येणारी आकृती. मी बोलणार आहे ते या एका आकृतीबद्दल.

आकृती चुकीची आहे, असं माझं म्हणणं नाही. पण ती पाहून आपण नकळत दोन निष्कर्ष काढतो आणि ते जन्मभर मनात बसतात. एक, जो किरण जास्त आत शिरतो तो जास्त घातक. दोन, शिसं असलं की काळजी नाही. हे दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत आणि त्या चुकीपायी माणसांचे जीव गेले आहेत. ‘तिथे किरणोत्सार आहे का हो?’ एवढं विचारून आपण थांबतो. विचारायला हवं ते असं : कोणता किरण? त्याचा उगम शरीराबाहेर आहे की शरीरात? आणि मध्ये काय आहे? एवढं विचारायची सवय लागली, तर घाबरायचं तिथे आपण घाबरू आणि नाही तिथे घाबरणार नाही.

आधी ही आकृती आली कुठून ते पाहू. 1896 मध्ये पॅरिसमध्ये हेन्री बेक्वेरेल यांना युरेनियमच्या क्षारांतून अदृश्य किरण निघत असल्याचं आढळलं. काळ्या कागदात गुंडाळलेली फोटोची काच त्या किरणांनी काळी पडत होती. दोन वर्षांनी केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत, न्यूझीलंडहून आलेला सत्तावीस वर्षांचा एक तरुण या किरणांच्या मागे लागला. अर्नेस्ट रदरफोर्ड. त्याची मांडणी डोळ्यांसमोर आणा. धातूच्या दोन आडव्या पट्ट्या, एकीवर एक, मध्ये थोडी हवा. खालच्या पट्टीवर युरेनियमच्या संयुगाची भुकटी पसरलेली. पट्ट्यांना बॅटरी जोडलेली. एरवी हवेतून वीज वाहत नाही. पण हे किरण हवेच्या रेणूंमधले इलेक्ट्रॉन सोडवतात, हवेतून थोडी वीज वाहू लागते आणि मापकाचा काटा सरकतो. काटा जितका भराभर सरकेल, तितका किरणांचा मारा जास्त.

आता त्याने भुकटीवर ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ वर्ख ठेवला. काटा मंदावला. आणखी एक वर्ख ठेवला, काटा आणखी मंदावला. असं काही वर्खांपर्यंत चाललं. पुढे मात्र वर्ख वाढवले तरी काटा फारसा मंदावेना! याचा अर्थ काय? किरण एकाच प्रकारचे असते, तर प्रत्येक वर्खाबरोबर ते त्याच प्रमाणात घटत गेले असते. तसं झालं नाही. म्हणजे किरण निदान दोन प्रकारचे होते. एक प्रकार पहिल्या काही वर्खांतच संपत होता, दुसऱ्यावर त्या वर्खांचा जवळपास काहीच परिणाम होत नव्हता. 1899 मध्ये छापलेल्या निबंधात त्याने सोयीसाठी एकाला अल्फा म्हटलं आणि दुसऱ्याला बीटा. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये पॉल व्हिलार यांना रेडियममधून निघणारा तिसरा प्रकार सापडला. चुंबकाने न वळणारा, शिशाच्या पत्र्यातूनही पार होणारा. त्याला पुढे गॅमा हे नाव मिळालं.

म्हणजे बघा, हे किरण कशाचे बनले आहेत हे कुणालाच ठाऊक नसताना केवळ ते किती आत शिरतात यावरून त्यांची विभागणी झाली. अल्फा म्हणजे हेलियमचं अणुकेंद्र, हे निर्विवाद सिद्ध व्हायला आणखी दहाएक वर्षं लागली. दरम्यान रदरफोर्डने आपल्या ग्रंथात एक तक्ता दिला. किरणांचं प्रमाण निम्मं करायला ॲल्युमिनियम किती जाड लागतं? अल्फासाठी 0.0005 सेंटिमीटर. बीटासाठी 0.05 सेंटिमीटर. गॅमासाठी 8 सेंटिमीटर. दर पायरीला शंभर पट किंवा त्याहून जास्त. आपल्या वहीतल्या कागद-पत्रा-शिशाचं मूळ इथे आहे.

पण एवढी तफावत का? एकाच तुकड्यातून निघालेले किरण, मग एक कागदात संपतो आणि दुसरा भिंत ओलांडतो, असं का व्हावं?

उत्तर विद्युत्भारात आहे. पदार्थ आपल्याला कितीही घट्ट दिसला तरी अणूच्या आत बहुतेक जागा मोकळी असते. आत शिरणाऱ्या किरणाची गाठ मुख्यतः इलेक्ट्रॉनांशी पडते. शिरणाऱ्या कणावर विद्युत्भार असेल, तर वाटेच्या आसपासच्या प्रत्येक इलेक्ट्रॉनला तो दुरूनच हिसका देतो. प्रत्येक हिसक्यात त्याची थोडी ऊर्जा खर्च होते. भार जितका जास्त आणि वेग जितका कमी, तितका हिसका मोठा. आणि भार नसेलच, तर? तर प्रत्यक्ष टक्कर होईपर्यंत काहीच होत नाही. भार असलेल्या कणाला पल्ला असतो; भार नसलेल्याला पल्ला नसतो, नुसती शक्यता असते. आजच्या व्याख्यानातलं एकच वाक्य घरी न्यायचं असेल, तर हे न्या. पुढचं सगळं त्यातून निघतं.

अल्फाकडे या. दोन प्रोटॉन, दोन न्यूट्रॉन, धन भार दुहेरी. पोलोनियम-210 मधून निघालेल्या अल्फा कणाचा वेग सेकंदाला सुमारे सोळा हजार किलोमीटर असतो. आपल्याला हा वेग प्रचंड वाटतो, पण तो प्रकाशाच्या वेगाच्या जेमतेम विसाव्या हिश्शाएवढा आहे. दुहेरी भार आणि असा संथ वेग, त्यामुळे हवेत तो चार सेंटिमीटरसुद्धा जात नाही. पण त्या चार सेंटिमीटरांत तो काय करतो? सुमारे दीड लाख इलेक्ट्रॉन त्यांच्या रेणूंपासून तोडतो. दीड लाख! पेशींच्या ऊतीत त्याचा पल्ला मिलिमीटरच्या पंचविसाव्या भागाएवढा, म्हणजे तीन-चार पेशी ओलांडल्या की संपला. पण सगळी ऊर्जा त्या तीन-चार पेशींत ओतलेली असते. डीएनएचे दोन्ही धागे एकाच ठिकाणी तुटले तर पेशीला ते नीट जोडता येत नाहीत, आणि अल्फा नेमकं तेच करतो. म्हणून किरणांचा मानवी शरीरावरचा धोका मोजताना आंतरराष्ट्रीय संकेत असा आहे की तेवढ्याच ऊर्जेसाठी गॅमाला 1 गुणक लावायचा आणि अल्फाला 20.

ज्याला कागद अडवतो, त्याला वीस!

यात विरोधाभास नाही. अल्फा कमी आत शिरतो याचं कारण तो दुबळा आहे असं नाही. तो वाटेत सर्वांत जास्त मोडतोड करतो आणि त्यातच संपतो. उगम शरीराबाहेर असेल, तर ही मोडतोड हवेत होते किंवा कातडीच्या वरच्या मेलेल्या थरात होते. तिथे मारायला काही जिवंतच नाही. उगम शरीरात गेला, तर मध्ये ना हवा, ना मेलेली कातडी. मग आकृतीतला सर्वांत निरुपद्रवी बाण सर्वांत भयंकर होतो.

हे किती महागात पडलं ते सांगतो. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत अंधारात चमकणाऱ्या घड्याळांची मागणी वाढली. तबकडीवरचे आकडे रेडियम मिसळलेल्या रंगाने रंगवायचे. काम बारीक, म्हणून न्यू जर्सीतल्या कारखान्यात तरुण मुली ठेवल्या. कुंचल्याला टोक यावं म्हणून तो ओठांत धरून फिरवायचा, रंगात बुडवायचा, एक आकडा काढायचा, पुन्हा ओठांत. हे त्यांना शिकवलेलं होतं. त्याच कारखान्यातले रसायनज्ञ रेडियम हाताळताना शिशाचे पडदे आणि चिमटे वापरत. त्या मुलींच्या हातात मात्र कुंचला होता आणि मात्रा अगदी सूक्ष्म होती. पण रेडियमची रासायनिक प्रकृती कॅल्शियमसारखी आहे. शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडात नेऊन बसवतं. रेडियम-226 चं अर्धायुष्य 1,600 वर्षांचं, म्हणजे माणसाच्या आयुष्यात ते संपत नाही. हाडात बसल्या बसल्या ते अल्फा कण सोडत राहिलं. दात पडले, जबड्याची हाडं सडली, हाडांचे कर्करोग झाले, कित्येक जणी तरुणपणीच गेल्या. त्यांच्यापैकी पाच जणींनी दावा लावला, तो 1928 मध्ये तडजोडीने मिटला. कामगाराच्या सुरक्षिततेचे पुढचे अनेक नियम त्यांच्या दुःखातून आले आहेत. माझ्या मते किरणोत्साराच्या प्रत्येक धड्यात आकृतीच्या खाली या मुलींची गोष्ट छापायला हवी.

अगदी अलीकडचं उदाहरण लंडनचं. नोव्हेंबर 2006 मध्ये अलेक्झांडर लिटविनेन्को या माजी रशियन गुप्तहेराला चहातून पोलोनियम-210 देण्यात आलं. तीन आठवड्यांत तो गेला. आणि डॉक्टरांना कारण कळलं ते मृत्यूच्या अगदी थोडा वेळ आधी. का? किरणोत्सार तपासण्याची नेहमीची साधनं बाहेर येणारा गॅमा शोधतात. पोलोनियम-210 गॅमा जवळजवळ सोडतच नाही, आणि अल्फा शरीराबाहेर येऊच शकत नाही. शरीर आतून जळत होतं आणि बाहेर ठेवलेलं यंत्र गप्प होतं.

अल्फासारख्या भार असलेल्या कणांची आणखी एक खोड आहे, तिचा आपल्याला उपयोग झाला. ऑस्ट्रेलियात ॲडलेडला विल्यम ब्रॅग यांनी 1904 च्या सुमारास दाखवलं, की अल्फा कण सर्वांत जास्त ऊर्जा वाटेच्या शेवटी टाकतो. वेग कमी होत जातो, हिसके मोठे होत जातात आणि थांबण्याच्या अगदी आधी नुकसान कळसाला पोचतं. प्रोटॉनचंही तसंच. मग प्रोटॉनला नेमका एवढाच वेग दिला, की तो कर्करोगाच्या गाठीपाशी पोचून थांबेल, तर? गाठीवर सर्वांत जास्त मारा होतो आणि तिच्या पलीकडची निरोगी ऊती वाचते. खारघरला टाटा स्मारकाच्या ॲक्ट्रेक केंद्रात प्रोटॉन उपचार 2023 पासून सुरू आहेत, ते याच तत्त्वावर. मेंदूजवळ किंवा मणक्याजवळ गाठ असलेल्या लहान मुलासाठी या काही मिलिमीटरांची किंमत काय असते, ते त्याच्या आईबापांना विचारा.

आता बीटा. बीटा म्हणजे वेगाने सुटलेला इलेक्ट्रॉन. भार एकेरी आणि वस्तुमान नगण्य, त्यामुळे वेग प्रकाशाच्या जवळ जातो आणि पल्ला वाढतो. फॉस्फरस-32 हा जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत पूर्वापार वापरला जाणारा पदार्थ घ्या. त्याचा जोरकस बीटा हवेत सहा मीटर जातो, पाण्यात किंवा प्लॅस्टिकमध्ये आठ मिलिमीटरपर्यंत. आठ मिलिमीटर म्हणजे कातडीची जिवंत बाजू सरळ त्याच्या टप्प्यात आली. याचं उदाहरण पाहा. 1 मार्च 1954 ला अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. शंभराहून जास्त किलोमीटर दूर असलेल्या एका जपानी मासेमारी नौकेवर पांढरी राख पडू लागली. पोवळ्यांची राख, पण किरणोत्सारी. नौकेवर तेवीस जण होते. त्यांच्या अंगावर, केसांत, मानेवर ती साचली. काही दिवसांत कातडी काळवंडली, फोड आले. कातडीवर बसलेल्या राखेतल्या बीटाचं हे काम होतं. वेळीच अंग धुतलं असतं, कपडे टाकले असते, तर हे चटके पुष्कळ टळले असते. त्यांना ती राख कसली आहे हेच माहीत नव्हतं. त्यांच्यातला एक जण त्याच सप्टेंबरमध्ये वारला.

बीटा अडवायचा कशाने? तुम्ही म्हणाल, पत्र्याने अडतो तर शिशाने आणखी चांगला अडेल. इथे आकृती फसवते. वेगवान इलेक्ट्रॉन जड अणुकेंद्राजवळून जाताना एकदम वळतो, त्याचा वेग तुटतो आणि गमावलेल्या ऊर्जेचा काही भाग क्षकिरण होऊन बाहेर पडतो. क्ष-किरणांची नळी याच तत्त्वावर चालते. अणुकेंद्र जितकं जड, तितके क्षकिरण जास्त. फॉस्फरस-32 भोवती शिसं लावलं, तर बीटाच्या ऊर्जेचा सुमारे पाच टक्के भाग क्षकिरणांत जातो. प्लॅस्टिक लावलं, तर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. म्हणजे शिशाने आपण पल्ला असलेला किरण अडवला आणि पल्ला नसलेला नवा किरण तयार केला! म्हणून जाणकार माणसं एक सेंटिमीटर जाडीचं पारदर्शक ॲक्रिलिक आधी लावतात, आणि गरज पडलीच तर त्याच्या बाहेर शिसं. क्रम उलटा झाला की संरक्षण कमी होतं.

गॅमाकडे येतो. इथे थोडं थांबायला हवं, कारण आपली सगळी भीती आणि सगळा उपयोग इथे एकत्र आहे.

गॅमावर भार नाही, वस्तुमान नाही. पदार्थातून जाताना तो वाटेत हळूहळू थकत नाही. एक तर काहीच न होता पार जातो, किंवा कुठेतरी एका टक्करीत ऊर्जा गमावतो. कुठे, हे कुणी सांगू शकत नाही. फक्त शक्यता सांगता येते. म्हणून ‘शिशाने गॅमा थांबतो’ हे वाक्य चूक आहे. शिशाने गॅमा घटतो. कोबाल्ट-60 चा गॅमा निम्मा व्हायला सुमारे बारा मिलिमीटर शिसं लागतं. आणखी बारा मिलिमीटर लावा, पाव उरेल. असे दहा थर लावले, म्हणजे बारा सेंटिमीटर, तर हजारातला एक उरतो. शून्य कधीच होत नाही. काँक्रीट वापरलं, तर निम्मं करायला सहा सेंटिमीटरच्या आसपास लागतं. काँक्रीट शिशाहून हीन आहे असं समजू नका. जागा असेल तर जाड भिंत घाला, काम तेच होतं आणि पैसे वाचतात.

रुग्णालयात क्ष-किरण काढणारा तंत्रज्ञ शिशाचा ॲप्रन घालतो. तो साधारण अर्धा मिलिमीटर शिशाएवढा असतो. रोगनिदानाच्या क्षकिरणांची ऊर्जा कमी, त्यांच्यासाठी तो उत्तम. तोच ॲप्रन घालून कोणी कोबाल्ट-60 समोर उभा राहिला, तर? गॅमाच्या शंभर किरणांपैकी जेमतेम तीन अडतील. ॲप्रन अंगावर आहे म्हणून तो जास्त वेळ उभा राहिला, तर ॲप्रनने त्याचं नुकसानच केलं. अशा वेळी अंतर आणि वेळ हेच खरं संरक्षण. उगमापासून दुप्पट लांब गेलात, की मारा एक चतुर्थांश होतो. त्याला एक पैसाही लागत नाही.

आता हा आरपार जाण्याचा गुण उपयोगी कुठे पडतो? शरीरात टेक्नेशियम-99एम टोचलं, तर त्याचा गॅमा शरीराबाहेर येतो आणि कॅमेऱ्याला हाडांचं किंवा हृदयाचं चित्र दिसतं. त्याला आत फारसं काही न करता बाहेर यायचं असतं, म्हणूनच तो निवडलेला आहे. थायरॉइडच्या कर्करोगात आयोडीन-131 देतात, तिथे काम बीटाचं. ग्रंथीत आयोडीन साठतं आणि बीटा एक-दोन मिलिमीटरच्या आतच पेशी मारतो. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये साठच्या दशकापासून हे उपचार चालू आहेत. रुग्णाला काही दिवस वेगळं ठेवतात ते आयोडीन-131 च्या गॅमामुळे. एकाच औषधात उपचार करणारा किरण वेगळा आणि शेजाऱ्याला लागणारा वेगळा!

जाता जाता एक सांगतो. तुमच्या-माझ्या प्रत्येकाच्या शरीरात पोटॅशियम-40 आहे, आणि त्याचे दर सेकंदाला चार हजारांहून जास्त अणू फुटत असतात. त्यांतले बहुतेक बीटा आपापल्या अंगातच संपतात. गॅमा मात्र बाहेर पडतो. या सभागृहात आत्ता शेजाऱ्याचा थोडा गॅमा तुमच्यातून पार होतो आहे, माणूस जन्मला तेव्हापासून होतो आहे.

गॅमाच्या उपयोगाचं आणखी एक ठिकाण म्हणजे लासलगाव. नाशिक जिल्ह्यातल्या या गावात भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेलं ‘कृषक’ हे केंद्र 2002 मध्ये सुरू झालं. कोबाल्ट-60 चा गॅमा कांद्यावर 60 ते 90 ग्रे (ग्रे हे जिरलेल्या किरणऊर्जेचं माप) एवढा सोडला की कांद्याला मोड येत नाहीत. मोडाच्या वाढणाऱ्या पेशी थांबतात, बाकी कांदा तसाच राहतो. 2007 मध्ये अमेरिकेने आपल्या आंब्याला दार उघडलं, तेही आंब्यावर 400 ग्रे गॅमा सोडण्याच्या अटीवर. कारण काय? कोयीतला भुंगा. तो कोयीच्या आत बसलेला असतो, वरून आंबा निर्मळ दिसतो. खोक्यातून, सालीतून, गरातून, कोयीच्या कवचातून पार होऊन त्या भुंग्यापर्यंत पोचायचं कोणी? अल्फा सालीवरच संपेल. बीटा गरात संपेल. गॅमा पोचतो.

‘पण मग तो आंबा किरणोत्सारी होतो का?’ हा प्रश्न मला प्रत्येक गावात विचारतात आणि तो विचारणं रास्त आहे. उत्तर स्वच्छ ‘नाही’ असं आहे. पदार्थ किरणोत्सारी व्हायचा तर त्याच्या अणुकेंद्रात बदल व्हायला हवा. कोबाल्टच्या गॅमाची ऊर्जा इलेक्ट्रॉन सोडवायला पुष्कळ आहे, पण आंब्यातल्या कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजनच्या केंद्रातून न्यूट्रॉन उपटायला याच्या कित्येक पट ऊर्जा लागते. किरण पार होतो किंवा आत जिरतो. मागे किरणोत्सार उरत नाही. लासलगावच्या कांद्याला घाबरण्याचं काहीही कारण नाही, हे मी पूर्ण जबाबदारीने सांगतो.

मग पदार्थाला किरणोत्सारी करणारा किरण कोणता? तो आपल्या आकृतीत नाहीच. आकृती 1900 सालची आहे, न्यूट्रॉन सापडला 1932 मध्ये. तोही अडवण्याच्या प्रश्नातूनच सापडला. पॅरिसमध्ये इरेन आणि फ्रेडरिक जोलिओ-क्युरी यांना दिसलं, की बेरिलियममधून निघणारे काही विलक्षण भेदक किरण पॅराफिन मेणावर पडले की मेणातून प्रोटॉन उसळतात. त्यांना वाटलं हा गॅमा. केंब्रिजमध्ये जेम्स चॅडविक यांनी हिशोब मांडून दाखवलं, की गॅमाला हे जमणार नाही. प्रोटॉनएवढ्याच वजनाचा, भार नसलेला कण हवा.

या कणाला शिसं कसं अडवणार? भार नाही, म्हणून इलेक्ट्रॉनांशी त्याला घेणं नाही. त्याची टक्कर थेट अणुकेंद्राशी. लहानपणी गोट्या खेळलेल्यांना हे चटकन कळेल. गोटी तेवढ्याच गोटीवर नेमकी आदळली, तर मारणारी जागीच थांबते आणि मार खाणारी निघून जाते. तीच गोटी दगडी पायरीवर मारा, परत उसळून येते, वेग जवळपास तेवढाच. शिशाचं केंद्र न्यूट्रॉनच्या दोनशे पटींहून जड आहे, ती पायरी झाली. हायड्रोजनचं केंद्र न्यूट्रॉनच्या बरोबरीचं आहे. अणुविखंडनातून निघालेल्या वेगवान न्यूट्रॉनला पूर्ण मंद करायला हायड्रोजनशी सरासरी अठरा टकरी पुरतात. कार्बनशी एकशे पंधराच्या आसपास. शिशाशी जवळपास दोन हजार! म्हणून न्यूट्रॉन अडवायचा तो पाण्याने, मेणाने, पॉलिथिनने. शिशाचा ढीग जे करू शकत नाही, ते विहिरीतलं पाणी करतं.

ट्रॉम्बेला 4 ऑगस्ट 1956 ला सुरू झालेली ‘अप्सरा’ ही आपली पहिली अणुभट्टी पाण्याच्या तलावातच होती. खाली भट्टीचा गाभा, वर कित्येक मीटर पाणी, आणि काठावर उभी राहून गाभ्याभोवतीचा निळा प्रकाश वाकून पाहणारी माणसं. ते पाणी न्यूट्रॉनला मंद करत होतं, गाभ्याची उष्णता नेत होतं आणि वरच्या माणसांना राखत होतं.

मंद झालेला न्यूट्रॉन संपत नाही, हेही ध्यानात ठेवा. तो कुठल्यातरी केंद्रात शिरतो. हायड्रोजनमध्ये शिरला तर त्या वेळी जोरदार गॅमा सुटतो. म्हणून पाण्यामागे किंवा पॉलिथिनमध्ये बोरॉन घालतात, न्यूट्रॉन तिथे गिळला जातो; आणि बाहेरून गॅमासाठी शिसं किंवा काँक्रीट. आणि साधा कोबाल्ट-59 न्यूट्रॉनच्या माऱ्यात ठेवला, तर तो कोबाल्ट-60 होतो. लासलगावच्या कांद्यासाठी लागतो तो पदार्थ असा अणुभट्टीत तयार होतो. आपलं शरीर दोन तृतीयांश पाणी आहे, हे आठवलं की न्यूट्रॉन माणसाला इतका का बाधतो तेही कळेल. आपण त्याला फार चांगलं अडवतो.

शेवटी दोन घटना. दोन्हींत भौतिकशास्त्र आज सांगितलं तेवढंच आहे, उणीव होती ती माहितीची.

सप्टेंबर 1987, ब्राझीलमधलं गोइयानिया शहर. एका सोडून दिलेल्या रुग्णालयात कर्करोगावरच्या उपचाराचं यंत्र तसंच पडलेलं होतं. भंगार म्हणून दोघांनी त्याचा भाग काढून नेला. आतल्या कुपीत सीझियम-137 ची भुकटी, अंधारात निळी चमकणारी. लोकांनी ती घरी नेली, हातावर चोळली, नातेवाइकांना वाटली. सहा वर्षांची एक मुलगी त्या भुकटीशी खेळली आणि त्याच हातांनी जेवली. दुरून गॅमा, कातडीवर बीटा आणि पोटात गेल्यावर दोन्ही. चार माणसं गेली, ती मुलगी त्यांच्यात होती. 249 जणांच्या अंगावर किंवा अंगात किरणोत्सारी द्रव्य सापडलं.

एप्रिल 2010, दिल्लीचा मायापुरी भंगार बाजार. एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत अनेक वर्षं न वापरलेलं कोबाल्ट-60 चं यंत्र लिलावात विकलं गेलं. भंगारवाल्यांच्या दृष्टीने त्यात मोलाचं काय होतं? शिसं! जे शिसं माणसांना राखत होतं, तेच किलोवर विकण्यासाठी सोडवलं गेलं आणि आतल्या कोबाल्टच्या कांड्या उघड्यावर आल्या. एक कामगार दगावला, अनेक जण आजारी पडले. त्या माणसांची काहीही चूक नव्हती. यंत्रावरच्या तीन पात्यांच्या चिन्हाचा अर्थ त्यांना कोणी सांगितलेला नव्हता.

पिवळ्या जमिनीवर मधोमध ठिपका आणि भोवती तीन पाती, हे चिन्ह जगभर चालतं. पण ते पाहून सामान्य माणसाला धोका कळत नाही, हे लक्षात आल्यावर 2007 मध्ये आणखी एक आंतरराष्ट्रीय चिन्ह आलं. लाल त्रिकोण, त्यात वरून येणारे किरण, कवटी आणि पळणारा माणूस. इथे बसलेल्या शिक्षकांना माझी विनंती आहे : वर्गात कागद-पत्रा-शिशाची आकृती काढाल, तेव्हा तिच्या शेजारी ही दोन्ही चिन्हं काढा. तुमच्या वर्गातल्या एखाद्या मुलाचे वडील भंगाराचं काम करत असतील, एखाद्याचे मामा रुग्णालयाचं जुनं सामान उचलत असतील. मुलगा घरी जाऊन सांगेल. आणि तुम्हा सर्वांना विनंती : असं चिन्ह असलेली जड, शिशाने मढवलेली वस्तू कुठे बेवारस दिसली, तर तिला हात लावू नका, लांब व्हा, इतरांनाही लांब ठेवा आणि 112 वर पोलिसांना कळवा, ते अणुशक्तीनगरच्या अणुऊर्जा नियामक मंडळापर्यंत निरोप पोचवतील. ती वस्तू कुणालाही फोडू देऊ नका.